क्लच स्लिप, गरम मिसिंग आणि वर चढणारा काटा: एका गाडीच्या कामाच्या नोंदी

१२ मे २०२५, सोमवार

गाडी २००९ची पेट्रोल हॅचबॅक. चार सिलिंडर, मागाहून बसवलेलं सीएनजी किट, केबलवर चालणारा क्लच. मालक मुलुंडचे एक काका. भांडुपला गॅरेजवर आले तेव्हा त्यांनी तक्रारी वहीच्या पानावर लिहून आणल्या होत्या. असं गिऱ्हाईक मिळणं हे मी भाग्य समजतो, कारण निम्मं निदान त्या कागदातच असतं.

१. चढावर इंजिन ओरडतं, गाडी ओढत नाही.
२. सकाळी ठीक चालते, गरम झाली की सिग्नलला थरथरते.
३. ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा वर जातो.

याआधी दुसरीकडे प्लग, प्लगच्या वायरी आणि कॉइल बदलून झालं आहे. क्लचची केबलही ताणून दिली होती. खर्च झाला, तक्रारी तिथेच राहिल्या. गणपतीला त्यांना चिपळूणच्या पुढे गावी जायचंय. कशेडीला बोगदा झाला तरी भोस्ते आणि परशुराम घाट आहेतच, तेव्हा हा क्लच घेऊन जाणं बरं नव्हे.

मामांनी (माझे सख्खे मामा, लालबागला आयुष्य गॅरेजमध्ये गेलं, आता माझ्याकडे बसतात) सुरुवातीलाच सांगितलं, "कारण सापडेपर्यंत एकही पार्ट आणायचा नाही." या कामात तोच नियम ठेवायचा, असं मी काकांनाही सांगून टाकलं. ते म्हणाले, "वेळ घ्या, पण एकदाच करा."

संध्याकाळी मी स्वतः चालवून पाहिली. गांधीनगरहून पवईकडे चढताना चौथ्या गिअरमध्ये ४०च्या वेगाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. इंजिनाचे फेरे सरसर वर गेले, स्पीडोमीटर जागचा हलेना. पाठोपाठ करपल्याचा वास. म्हणजे क्लचची प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) पकडत नाही.

गॅरेजवर परतल्यावर आधी पेडलची फ्री प्ले, म्हणजे क्लच हलायला लागेपर्यंतची मोकळी हालचाल, पाहिली. अजिबात नव्हती. पाय ठेवल्या ठेवल्या रिलीज बेअरिंगवर (क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर) दाब येत होता. "केबल ताणून दिली" याचा अर्थ हा. स्लिप होणाऱ्या क्लचची केबल ताणली की पेडल टणक लागतं आणि गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटच्या पट्ट्यांवर टेकून राहतं, प्लेटवरची पकड आणखी ढिली होते आणि स्लिप वाढते. केबल सैल करून साधारण २० मिलिमीटर फ्री प्ले दिली आणि पुन्हा चालवली. स्लिप थोडी कमी झाली, गेली नाही. तेव्हा दोष केबलचा नाही. प्लेट घासली असेल किंवा तिच्यावर तेल आलं असेल.

१३ मे, मंगळवार

आज मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटणं. गाडी रात्रभर उभी होती. सकाळी थंड चालू केली तर आयडलिंग एकसारखं. पंधरा-वीस मिनिटांनी रेडिएटरचा फॅन लागायची वेळ आली आणि थरथर सुरू झाली.

सीएनजीची गाडी असल्याचा एक मोठा फायदा असतो: दोन इंधनं, दोन वेगळे मार्ग. थरथर चालू असतानाच स्विच पेट्रोलवर टाकला. फरक शून्य. फक्त गॅसवर मिसिंग असतं तर रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा), गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर यांच्यामागे लागलो असतो. अशा वेळी कमजोर प्लगचाही संशय येतो, कारण गॅसच्या मिश्रणाला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं. पण दोन्ही इंधनांवर तेच होत असेल तर इंधनाचा मार्ग बाजूला ठेवता येतो. उरतात ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब).

स्कॅनरचा इथे फार उपयोग नाही. ही बीएस-३ (प्रदूषण नियमांच्या जुन्या टप्प्यातली) गाडी. आपल्याकडे ओबीडीची (गाडीने आपले दोष स्वतः नोंदवण्याच्या यंत्रणेची) सक्ती बीएस-४बरोबर आली: पहिला टप्पा एप्रिल २०१०, दुसरा एप्रिल २०१३. मिसफायर कुठल्या सिलिंडरमध्ये आहे हे हा ईसीएम (इंजिनाचा कंप्युटर) सांगत नाही. म्हणून जुनी पद्धत. इंजिन पेट्रोलवर चालू ठेवून इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढले. पहिला काढला, इंजिन बसलं (फेरे खाली आले). दुसरा, बसलं. चौथा, बसलं. तिसरा काढला, आवाजात काडीचाही बदल नाही. तिसरा सिलिंडर कामच करत नाही.

हीच चाचणी बरेचजण प्लगची वायर उपटून करतात. तसं करू नये. ठिणगीला वाट मिळत नाही तेव्हा ताण कॉइलवर येतो, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. कन्व्हर्टर गेला की त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात घातला. वायरींचीही अदलाबदल केली. दोष तिसऱ्यातच राहिला. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून तिसऱ्या इंजेक्टरची टकटक ऐकली, ती व्यवस्थित आहे. ठिणगीवरचा संशय गेला. आता फक्त कॉम्प्रेशन.

१५ मे, गुरुवार

कॉम्प्रेशन घेण्याची पद्धत सविस्तर लिहून ठेवतो. गॅरेजमधला पोरगा शिकतोय, त्याला उपयोगी पडेल.

सीएनजीच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद. फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचा कनेक्टर काढलेला. चारही प्लग बाहेर. बॅटरी पूर्ण चार्ज. गेज लावायचा, एकाने अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, काटा थांबेपर्यंत स्टार्टर मारायचा. अॅक्सिलरेटर दाबला नाही तर थ्रॉटल बंद राहतो, हवा पुरेशी आत येत नाही आणि चांगलं इंजिनही कमी आकडा दाखवतं.

थंड इंजिन, पीएसआयमध्ये (दाबाचं एकक), पहिल्यापासून चौथ्यापर्यंत: १७२, १७०, १५८, १७१.

मग प्लग पुन्हा लावून गाडी तापवली, थरथर सुरू झाल्यावर परत मोजलं: १७५, १७३, ११६, १७२.

तिसरा थंड असताना जेमतेम मागे आहे आणि गरम झाल्यावर पार खाली जातोय. काकांच्या कागदावरची दुसरी ओळ आकड्यांत समोर आली.

कॉम्प्रेशन गळतंय कुठून? प्लगच्या भोकातून तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलाने फट बुजून आकडा चांगलाच वर गेला असता. तो आला १२०. रिंगा बऱ्या आहेत. हेड गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधे फुटलं असतं तर शेजारशेजारचे दोन्ही आकडे पडले असते. तसंही नाही.

मग तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. पोरग्याला सांगितलं, "कान लाव." ऑइल फिलरच्या तोंडाशी आवाज नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही, एअर फिल्टरच्या पाइपातही काही नाही. सायलेन्सरच्या टोकाशी स्वच्छ सूं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

मामा म्हणाले, "हेडला हात लावू नकोस. आधी टॅपेट बघ." हेड म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट.

१७ मे, शनिवार

इंजिन रात्रभर थंड. रॉकर कव्हर उघडलं. या इंजिनाला थंड असताना इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर फट हवी. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, त्याप्रमाणे क्रँक हाताने फिरवत एकेक सिलिंडर टोकाला आणला आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला.

इनटेक सगळे जवळपास बरोबर. एक्झॉस्ट: पहिला ०.१२, दुसरा ०.१०, चौथा ०.१२. तिसऱ्यात ०.०५ची पातीही शिरेना.

गॅसवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाडीत हे होतंच, फक्त पाहणारा पाहत नाही. पेट्रोलचे थेंब उडून जाताना आत जाणारं मिश्रण थोडं थंड ठेवतात. गॅस कोरडा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो. त्याची दांडी रॉकरच्या जवळ येते आणि फट मिटत जाते. टॅपेट सैल असेल तर टकटक आवाज येतो आणि गिऱ्हाईक धावत येतं. घट्ट झालं तर आवाज उलट कमी होतो, इंजिन गोड वाटायला लागतं. गरम झाल्यावर दांडी लांबते, फट नसल्यामुळे व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही आणि कॉम्प्रेशन सायलेन्सरमधून निघून जातं. तसाच चालवत राहिलं तर टेकत नसल्यामुळे त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही, कड जळते, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

चारही एक्झॉस्ट ०.२०ला सेट केले. लॉकनट घट्ट करताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर प्रत्येक फट पुन्हा मोजली. गाडी तापवून कॉम्प्रेशन घेतलं: १७५, १७४, १६४, १७३.

कड जळायच्या आत पकडलं गेलं. याचं मला मनापासून समाधान आहे. आयडलिंग गरम असतानाही एकसारखं, आणि तिसरा कनेक्टर काढला की आता इंजिन बसतं.

१९ मे, सोमवार

क्लचकडे वळलो. गाडी स्टँडवर घेऊन खाली गेलो तर बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) सांध्यातून काळं तेल टिपकत होतं. गिअर ऑइल असतं तर दाट असतं आणि गंधकाचा तो उग्र वास आला असता. हे इंजिन ऑइल.

क्रँकचं मागचं सील गेलंय असं इथेच ठरवता आलं असतं. पण रॉकर कव्हरचं गॅस्केट गळलं तरी तेल इंजिनाच्या मागून ओघळत नेमकं याच जागी येतं, आणि मग गिअरबॉक्स उतरवून नवं सील घातलं तरी टिपकणं चालूच राहतं. म्हणून मागची बाजू पूर्ण धुऊन सुकवली, टाल्कम पावडर मारली आणि इंजिन चालू ठेवलं. वरची पावडर कोरडी राहिली. ओल फक्त बेल हाउसिंगच्या तोंडाशी.

सील गेलं हे नक्की. पण का गेलं? रिंगा चांगल्या आहेत हे गुरुवारच्या आकड्यांनी सांगितलंय, म्हणजे पिस्टनच्या बाजूने खाली जास्त वायू उतरत नाही. तरीही ऑइल फिलरचं झाकण काढलं तर फुत्कार येतो. डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप लावला, त्याला यू आकार दिला आणि आत थोडं रंगीत पाणी घातलं. निरोगी इंजिनात आयडलिंगला क्रँककेसमध्ये हलकी ओढ असते, पाणी इंजिनाच्या बाजूला सरकतं. इथे ते उलट बाहेरच्या बाजूला ढकललं गेलं.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. हलवला की आतली गोटी खुळखुळली पाहिजे. मुका. काजळी आणि चिकट तेलाने जाम. त्याचा पाइपही निम्मा बुजलेला. रिंगांच्या बाजूने थोडा वायू खाली उतरणं स्वाभाविक आहे, तो इनटेकमध्ये परत ओढून घेणं हे या व्हॉल्व्हचं काम. तो बुजला की वायू जागा शोधतो आणि सर्वात कमजोर सीलमधून तेलासकट बाहेर पडतो. या गाडीत तो क्लचच्या तोंडाशी पडला.

नुसती क्लच प्लेट बदलून गाडी दिली असती तर नवी प्लेट पावसाळाभर टिकली असती आणि गणपतीला घाटात तेलकट झाली असती.

२२ मे, गुरुवार

गिअरबॉक्स उतरवला. बॅटरी आणि तिचा ट्रे, स्टार्टर, गिअरची लिंकेज, केबल, मग गिअर ऑइल रिकामं करून दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट. इंजिनाखाली जॅक, मधे लाकडी ठोकळा. गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा. लोंबकळू दिला तर सगळं वजन प्लेटच्या हबवर येतं.

आतल्या धुळीवर कॉम्प्रेसरची हवा मारू दिली नाही. जुन्या प्लेटच्या लायनिंगमध्ये काय आहे सांगता येत नाही, आणि ती धूळ फुफ्फुसात जायला नको. ओल्या फडक्याने पुसून घेतली.

प्लेटची एक बाजू तेलाने काळी चकाकणारी, लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आलेलं. फ्लायव्हीलवर निळे डाग, घसरून तापल्याची खूण. प्रेशर प्लेटच्या पट्ट्यांची टोकं खोलगट झालेली. ताणलेल्या केबलमुळे बेअरिंग कायम टेकून राहिलं, त्याचा हा परिणाम. रिलीज बेअरिंग फिरवलं की खरखर.

आवाजावरून बेअरिंग ओळखायची एक गोष्ट पोरग्याला दाखवली. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं, गाडी न्यूट्रलमध्ये, आवाज येतोय आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. हे खाली उतरवण्याआधी ऐकून घ्यायचं असतं, उतरवल्यावर ऐकायला काही उरत नाही.

२४ मे, शनिवार

कुर्ल्याहून क्लच किट (प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग), क्रँकचं मागचं सील, पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि पाइप, रॉकर कव्हर गॅस्केट, क्लच केबल. जुन्या केबलच्या तारा आतून तुटायला लागल्या होत्या. सोबत टायमिंग बेल्टही. बदलल्याची नोंद काकांकडे नाही, आणि नोंद नसेल तर बदललेलाच नाही असं धरून चालायचं. फ्लायव्हील लेथवाल्याकडे दिलं.

२६ मे, सोमवार

पाऊस आला. मुंबईत मे महिन्यातच मान्सून दाखल. कामाला हात लागला नाही. दुपारी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन: किंग्ज सर्कलच्या पाण्यात गाडी बंद पडली, सेल्फ मारू का? म्हटलं, "दादा, किल्लीला हात लावू नका." एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढायचे, मग क्रँक फिरवून पाणी बाहेर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर मामांकडे आलेल्या वाकलेल्या रॉडांमध्ये पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा चालू करायला गेलेल्यांच्याच गाड्या जास्त होत्या, असं ते सांगतात.

२९ मे, गुरुवार

जोडणी. जुनं सील काढल्यावर क्रँकवर त्याच्या ओठाने पाडलेली बारीक रेघ नखाला लागत होती. नवं सील त्याच खोलीवर बसवलं तर ओठ त्या रेघेतच फिरेल. मामांनी ते किंचित वेगळ्या खोलीवर बसवलं, म्हणजे ओठाला नवी गुळगुळीत जागा मिळते. ओठाला आधी तेल लावलं. कोरडं सील पहिल्या मिनिटातच जळतं.

फ्लायव्हील ब्रेक क्लीनरने पुसून, बोल्ट टॉर्क रेंचने. प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू बघून घेतली, कारण उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. अलाइनमेंट टूल घालून प्लेट मध्यावर धरली, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळले. इनपुट शाफ्टच्या दात्यांवर ग्रीसचा पुसट हात. जास्त लावलं तर ते उडून प्लेटवर जातं, आणि आपण ज्यासाठी एवढं केलं तेच परत. एका इंजिन माउंटिंगचं रबर चिरलेलं निघालं, तेही बदललं. क्लच सोडताना गाडी हादरते तेव्हा दोष बऱ्याचदा माउंटिंगचा असतो आणि शिव्या प्लेटला बसतात.

३१ मे, शनिवार

तिसरी तक्रार लवकर उलगडली. फॅनला बॅटरीवरून थेट करंट दिला, फिरला. टेंपरेचर स्विचचा कनेक्टर गंजून हिरवा पडलेला. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) नाही, कोणीतरी काढून टाकलेला. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी आणि गंज.

थर्मोस्टॅट काढणं हा उपाय नव्हे. इंजिन लवकर तापत नाही, ईसीएम ते थंडच समजतो आणि मिश्रण घट्ट (जास्त पेट्रोलचं) देत राहतो. ट्रॅफिकमध्ये खरा आधार फॅनचा असतो, तोच बंद होता. नवा थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून तपासला. थर्मामीटर ८२ दाखवत असताना उघडायला लागला. कनेक्टर बदलला, रेडिएटर धुतला, डिस्टिल्ड पाण्यात कूलंट भरलं, हवा काढली.

२ जून, सोमवार

सीएनजीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती पाहिली, नाही. टाकीच्या पट्टीवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाखाली टाकी तपासण्याची) तारीख पाहिली. दर तीन वर्षांनी ती करावी लागते, काकांची डिसेंबरमध्ये संपतेय, त्यांना लिहून दिलं.

पवईचा तोच चढ, चौथा गिअर, ४०चा वेग, पूर्ण अॅक्सिलरेटर. फेरे आणि वेग बरोबरीने वर. यू नळीतलं पाणी आता इंजिनाच्या बाजूला. पीयूसीला पेट्रोलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.२ टक्के, एचसी (न जळलेलं इंधन) १९० पीपीएम. या गाडीसाठी मर्यादा ०.५ टक्के आणि ७५०. कामाआधी मिसिंग असताना एचसी हजाराच्या वर होतं.

काकांना एकच सवय बदलायला सांगितली: सिग्नलला पाय क्लचवर ठेवायचा नाही, न्यूट्रल करायचं.

११ ऑगस्ट, सोमवार

गावी जाण्याआधी काका बोलावल्याप्रमाणे आले. इंजिन थंड करून टॅपेट पाहिले. तिसऱ्याचा एक्झॉस्ट ०.२०वरून ०.१७वर आलाय, बाकीचे जागेवर. म्हणजे तिसऱ्याची सीट अजून झिजतेय, हळू. पुन्हा ०.२०ला सेट केला. बेल हाउसिंगचं तोंड कोरडं. फ्री प्ले थोडी घटली होती, प्लेट बसल्यावर ती घटतेच, २० मिलिमीटर करून दिली.

काकांनी विचारलं, "मग हेड करूनच घेऊ का?" नाही. कॉम्प्रेशन गरम असताना १६५ आहे, व्हॉल्व्ह टेकतोय. दिवाळीनंतर फट परत मोजायची. तोपर्यंत ती ०.१२च्या खाली गेली तर तिसऱ्याची सीट बदलण्याचं ठरवू, त्याआधी नाही.